निंबाखालचा पत्थर

माझ्या पहिल्या शाळेत दहावीचे पोट्टे मला ‘भाऊ’ म्हणायचे. ‘सर’ म्हणायचे ते फक्त हेडमास्तर आसपास असले तर. याचा मला इतका अभिमान, की सुटीत पुलगावला घरी गेलो की न्हाव्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवायचो. माझा बाप कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा. त्याने एकदा शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू त भाऊ झाला. मंग मास्तर कोन हाये थ्या शाळेत?”

मी हसलो. बापाला शिक्षणशास्त्रातलं काय कळणार? बी.एड. मी होतो.

शाळा वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातली, सिंदी स्टेशनवर उतरून सायकलने गाठता येईल अशी. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावाने काही वाईट केलं नाही. काळ आणीबाणीच्या थोडा आधीचा. शाळा खाजगी, आणि संस्थेचे अध्यक्ष गुलाबराव. घराणं जुन्या मालगुजारांचं, म्हणजे गावच्या जमीनदारांचं. मालगुजारी गेली होती, पण चालण्यातून गेली नव्हती.

ज्यांनी मास्तरकी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाजगी शाळेतला नवा मास्तर म्हणजे नवी सून. पहिली दोन वर्षं सगळ्यांना आवडेल असं वागायचं, खाली मान घालून हजेरी घ्यायची, अध्यक्षांच्या घरच्या लग्नात पंगतीत वाढायचं. मग ‘कायम’ झाल्याचा आदेश हातात पडला की तोंड उघडायचं. मी तेविशीतला. दहावीत दोन-तीनदा नापास झालेले एकोणीस वर्षांचे घोडे बाकावर बसलेले. त्यांच्यापेक्षा मी किती मोठा? शाळा सुटली की त्यांच्यासोबत कबड्डी खेळायचो, निंबाखाली पत्थरावर बसून गप्पा हाणायचो. हेडमास्तरांना दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहायची सवय होती, म्हणून त्यांचं नाव मी ‘लंबक’ ठेवलं होतं. हे नाव मी भर वर्गात ठेवलं होतं, हेही सांगून टाकतो. पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून मास्तर पाहायला आले. वर्गातून तसं हसू उठलं की काय चढते म्हणता! दारू पिणाऱ्याला निदान दुसऱ्या दिवशी डोकं दुखून कळतं.

त्या चढलेल्या अवस्थेत मी काय काय केलं त्याचा एक नमुना. नववीतल्या एका पोराची सायकल मागून घेतली आणि तिच्यावर सिंदीपर्यंत जाऊन वर्ध्याला सिनेमा पाहून आलो. पुढच्या आठवड्यात चाचणी. त्याच पोराच्या बाहीत चिठ्ठी सापडली. मी डोळे वटारले. पोरगा घाबरला नाही. आपुलकीने हळूच म्हणाला, “भाऊ, सायकल चांगली चालली ना? चेन त नाई उतरली?”

मी पुढच्या बाकाकडे वळलो. आता सांगा, त्या वर्गात मास्तर कोण होता?

हेडमास्तरांनी एकदा मला ऑफिसात बोलावून घेतलं. घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “पोरांच्या खांद्यावर हात ठेवत जा. गळ्यात घालत जाऊ नका. गळ्यात घातलेला हात पोरांना काढता येत नाही.” मी बाहेर येऊन त्यांची नक्कल निंबाखाली करून दाखवली. तीही फार छान वठली.

या सगळ्या पोरांत माझ्या सगळ्यात जवळचा होता मारोती. दहावीतला. नापास होऊन राहिलेल्यांतला नव्हे, सरळ आलेला आणि गणितात तयार. त्याचा बाप गुलाबरावांकडे सालदार होता. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. त्याचं वर्ष मालकाचं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या घरच्यांचं वर्षही मालकाचंच. बाप मला रस्त्यात थांबवून म्हणायचा, “मास्तर, आमचं पोट्टं तुमच्या हवाली हाये बरं. हातपाय तोडा, पन शिकवा.” आई अंबाडीची भाजी आणि भाकर पाठवायची. मारोती संध्याकाळी माझ्या खोलीवर यायचा. मराठी माझा विषय, म्हणून मी मराठीचं पुस्तक उघडायचो आणि पाच मिनिटांत मिटून गप्पांना बसायचो.

गप्पा कसल्या? इथेच माझं चुकत होतं. मी त्या सतरा वर्षांच्या पोराला शाळेतल्या मास्तरांची भांडणं सांगायचो. कोण कोणाच्या चहाड्या करतो ते सांगायचो. माझं अजून कायम व्हायचं आहे, घरी बापाची छाती भरून येते, ही नोकरी गेली तर पुलगावला तोंड दाखवता येणार नाही, हेही सांगायचो. तो गंभीरपणे ऐकायचा. म्हणायचा, “होते, भाऊ, होते. तुमी नोका घाबरू.” मला हलकं वाटायचं. माझं ओझं उतरवायला मी पोराची पाठ वापरतोय, हे काही तेव्हा मनात आलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गुलाबरावांनी शाळेच्या प्रयोगशाळेत युरियाची पोती भरून ठेवली. गोदाम गळत होतं म्हणे. प्रयोगशाळा कोरडी होती, आणि शाळा कोणाची? त्यांचीच. दारावर त्यांच्या घरचं कुलूप आलं. त्या काळी दहावीचा वर्गही त्याच खोलीत भरायचा, म्हणून वर्ग निंबाखाली आला. पाऊस आला की व्हरांड्यात पळायचं, उघडला की परत झाडाखाली. विज्ञानाचे मास्तर म्हणायचे, “आपल्या प्रयोगशाळेत आजवर इतकं रसायन कधीच नव्हतं.” पण पोरांना प्रयोग करायला मिळेना, आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलची काळजी होती. हेडमास्तर दोनदा अध्यक्षांकडे जाऊन चहा पिऊन परत आले. आम्ही बाकीचे दारामागे कुजबुजलो. कायम झालेले बोलत नव्हते, मग मी कशाला बोलतो?

बोलायचं मात्र होतं. आणि तोंडावर पोळा आला.

आमच्याकडच्या पोळ्यात झडत्या असतात. सजवलेले बैल आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, तोरणाखाली ओळीने उभे राहतात, आणि तोरण तुटण्याआधी एकेक जण पुढे येऊन खड्या आवाजात तुकबंदी म्हणतो. पाटलाची, सावकाराची, सरपंचाची, कोणाचीही टर उडवायची. शेवटी सगळा गाव ओरडतो, “हर बोला हर हर महादेव!” आणि झडतीचा राग धरायचा नाही, अशी रीत. वर्षातला तेवढा एक दिवस जिभेला वेसण नसते.

मला वाटलं, ही तर आपली सोय. झडती मी रचली. कागदावर लिहिली नाही, तेवढी हुशारी होती. संध्याकाळी खोलीवर मारोतीला तोंडी शिकवली. आवाज त्याचा खणखणीत, आणि गुलाबरावांची मानाची जोडी धरायला बापाबरोबर तोच उभा राहणार होता. मालकाच्या बैलाचा कासरा हातात धरून मालकाचीच झडती! कल्पनेने मला गुदगुल्या झाल्या.

मारोती थोडा घुटमळला. “भाऊ, बाबाले काई होनार त नाई?”

“अबे, पोळा हाये. पोळ्यात कोन राग धरते?”

“तुमी मनता त मंग ठीक.”

‘तुमी मनता त.’ हे शब्द मास्तरला मिळतात, दोस्ताला मिळत नाहीत. दोस्ताला त्याने “जा ना बे, तूच मन” म्हणून उडवून लावलं असतं. मी दोस्तासारखा वागत होतो, आणि पोरगा मला मास्तरासारखं मानत होता.

पोळ्याच्या दिवशी आखर भरून गेलं. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, मारोतीच्या बापाच्या अंगावर मालकाने दिलेलं नवं धोतर. मी गर्दीत पार मागे, किराणा दुकानाच्या ओट्यावर. दोन-तीन झडत्या झाल्या. मग मारोती पुढे आला. डोळे मिटले आणि आवाज सोडला:

“बैलाले हाये गोठा, गाईले हाये छप्पर,
दहावीच्या पोट्ट्याईले निंबाखालचा पत्थर!
वावरात टाकलं खत, वाढली पऱ्हाटी,
शाळेत टाकलं खत, वाढली ढेरी मोठी!”

सगळ्या माना गुलाबरावांकडे वळल्या. मग जो हशा फुटला! “हर बोला हर हर महादेव” म्हणताना लोकांना दम लागत होता. आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? गुलाबराव. ढेरीवर हात ठेवून, डोळे पुसत हसले. मारोतीच्या पाठीवर थाप मारली. “वा बे पोट्ट्या!” त्याच्या बापाचा चेहरा तेवढा पांढराफटक होता, पण बापाकडे कोण पाहतो? मी ओट्यावर उभ्या उभ्या स्वतःच्याच कवितेला दाद देत होतो.

पोळ्याची सुटी संपून शाळा भरली त्या दिवशी पहिल्याच तासाला शिपाई मला बोलवायला आला. ऑफिसात हेडमास्तर, गुलाबराव, आणि कोपऱ्यात मारोती. त्याचा बाप दाराबाहेर उकिडवा बसलेला.

गुलाबराव रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “झडतीचा राग मी धरत नाई, मास्तर. पोळ्याची रीत हाये थे. पन मले थ्या झडतीत मास्तरकीचा वास येऊन राह्यला. पोट्ट्याले मी मनलं, नाव सांग आन वर्गात जाऊन बस. त मनते, म्याच केली.”

“म्याच केली,” मारोती म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

त्याने का सांगितलं नाही, ते मला तेव्हाच कळलं होतं. माझं कायम व्हायचं आहे, हे त्याला कोणी सांगितलं होतं? माझ्या बापाची छाती, पुलगावात तोंड दाखवणं, सगळं त्याला पाठ होतं. झडतीच्याही आधी मी त्याला ते पाठ करवून घेतलं होतं.

हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते. “तुम्ही याला मराठी शिकवता. मला एवढंच सांगा, हा मुलगा अशी झडती रचू शकतो?”

सोपा प्रश्न. ‘नाही, मी रचली’ म्हटलं की पोरगा वर्गात आणि मी सिंदी स्टेशनवर.  मी म्हणालो, “रचू शकतो, सर. त्याचा हात चांगला आहे.”

तोवर मी मारोतीची कधी धड स्तुती केली नव्हती. दोस्तांची कोण करतो? पहिली केली ती ही. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मी नवीन धडा समजावून सांगताना ज्या नजरेने तो पाहायचा, तीच नजर. समजून घेत होता.

गुलाबराव उठले. दाराबाहेर जाऊन बापाला म्हणाले, “तुयं पोट्टं लय हुशार निंगालं, गड्या. इतक्या हुशाराले शाळेचं काय काम? उद्यापासून तुयासंगं पाठव वावरात. बैलाले झडत्या ऐकवीन थो.” आणि हसले. बाप काय म्हणणार? पाडवा अजून दूर होता, आणि वर्ष मालकाचं. हेडमास्तर “परीक्षेपर्यंत तरी राहू द्या” असं काहीतरी बोलले. दाराबाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

दिवाळीच्या आधी पोती मुकाट्याने हलली आणि कुलूप निघालं. झडती लागू पडली होती! दहावीचा वर्ग प्रयोगशाळेत गेला, पोरांनी परीक्षानळ्या हाताळल्या, प्रॅक्टिकल झाली, बरीचशी पास झाली. हजेरी घेताना मारोतीच्या नावाशी माझी जीभ अडायची. महिनाअखेर नाव कमी झालं, मग अडायला काही उरलं नाही.

मी कायम झालो. आदेश आला त्या दिवशी पेढे न वाटता सरळ हेडमास्तरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. “मला माहीत होतं. माहीत नसतं तर तो प्रश्न मी विचारलाच नसता. तुम्हाला एक दार उघडून दिलं होतं, मास्तर.” मग सवयीने घड्याळ पाहिलं. मी त्यांची नक्कल त्यानंतर कधी केली नाही.

मारोतीलाही गाठायला गेलो. तो गुलाबरावांच्या वावरात डवरा, म्हणजे कोळपं, हाणत होता. मी बांधावरून हाक मारली. “तास संपू द्या,” तो म्हणाला. मी थांबलो. पिकाच्या दोन ओळींमधला तो तास संपवून बांधापर्यंत आला, बैल वळवले आणि पुढच्या तासाला लागला. परत आला, परत वळवले. बैलांना दम देतानाचा आवाज तोच खणखणीत. माझ्या डोक्यावर ऊन आलं तेव्हा मी निघालो. बोलायचं काय होतं तेही आता धड आठवत नाही. बहुतेक ‘मला माफ कर’ असं काहीतरी. म्हणजे पुन्हा माझंच ओझं त्याच्या पाठीवर.

यानंतर मी सुधारलो असं वाटत असेल तर थांबा. मूर्खपणाची एक बाजू संपली की माणूस दुसरी धरतो. मी कडक झालो. इतका, की पोरं माझ्या खोलीच्या गल्लीतून जाईनात. आठवीतला एक पोरगा आई गेल्यावर दहा-बारा दिवसांनी शाळेत आला आणि वर्गात हुंदके देऊ लागला. मी त्याला पान उघडायला सांगितलं. अंतर राखायचं होतं ना! शेजारच्या पोराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा हेडमास्तरांचं वाक्य पूर्ण ऐकू आलं. ते तर हात ठेवा असं म्हणाले होते. मी फक्त ‘घालू नका’ एवढंच लक्षात ठेवलं होतं. जीभ कुठे सोडायची आणि हात कुठे ठेवायचा, हे एवढं शिकायला मला एक दशक लागलं. बी.एड.ला दुसरा वर्ग होता, तरी.

मधल्या काळात गुलाबराव गेले. हेडमास्तर निवृत्त झाले. मी त्याच शाळेत राहिलो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, जून महिन्यात, पाचवीच्या प्रवेशाच्या रांगेत एक माणूस उभा राहिला. केस कानाशी पिकलेले, शेजारी दोन वेण्या घातलेली पोरगी. मी ओळखलं. त्यानेही ओळखू दिलं. आता तो सालदार नव्हता. थोडं वावर ठेक्याने करायचा.

“नमस्कार सर,” मारोती म्हणाला.

‘सर’. हेडमास्तर आसपास नसताना पहिल्यांदा.

“पोरीले पाचवीत टाकाचं हाये. वंदना नाव. हुशार हाये बरं.”

“तुझी आहे म्हणजे असणारच,” मी म्हणालो, आणि जीभ चावली. त्याची हुशारी जाहीर करण्याचा माझा इतिहास बरा नव्हता.

तो किंचित हसला. पोरीला पलीकडच्या टेबलाकडे पाठवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “एक सांगू का, सर?”

“सांग.”

“तिले शिकवजा. दोस्ती नोका करू.”

मी ‘हो’ म्हणालो. मागच्या माणसाने पुढे सरकायला सुरुवात केली होती.

वंदनाला मी सहा वर्षं शिकवलं. खोलीवर कधी बोलावलं नाही. घरचं काही विचारायचं असलं तर व्हरांड्यात, दोन पोरी आणखी उभ्या करून विचारलं. माझं काही तिला कधी सांगितलं नाही. निबंध चांगला असला तर चांगला म्हटलं, नसला तर परत लिहायला लावला. वर्गात विनोद केले, पण कोणाच्या नावावर नाही. ती मला काय म्हणत असे, ठाऊक नाही. पाठीमागे काही नाव ठेवलं असेल तर ते खऱ्या ‘मास्तर’ला ठेवतात तसंच असणार, आणि त्याचा मला आनंद आहे.

दहावीच्या प्रॅक्टिकलला ती प्रयोगशाळेत गेली तेव्हा बाहेर निंबाखाली त्या पत्थरावर मारोती बसून होता. उघड्या दारातून आत पाहत होता, नळ्या, काचेची भांडी, पांढरे पडदे. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.  त्याने वर पाहिलं आणि मला जागा करून द्यायला सरकला. जरा जास्तच सरकला.

मी बसलो. आमच्या दोघांच्या मधे एका पोराला बसता येईल एवढी जागा उरली. प्रॅक्टिकल संपेपर्यंत ती आम्ही दोघांनीही तशीच ठेवली.